पाण्याला चार नावं

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, उटनूरच्या पलीकडच्या एखाद्या गुड्यावरच्या, म्हणजे आदिवासी वाडीवरच्या अंगणवाडीत तहान लागलेलं मूल चारपैकी कुठलाही शब्द काढू शकतं. मराठी घरातलं असेल तर ‘पाणी’, लंबाडा तांड्यावरचं असेल तरी जवळपास तेच. तेलुगू घरातलं असेल तर ‘नीळ्ळू’, गोंडाचं असेल तर ‘येर’, कोलामाचं असेल तर ‘ईर’. मूल तीन-साडेतीन वर्षांचं. घर सोडून रोज काही तास परक्या बाईच्या हवाली राहण्याची त्याची ही पहिलीच वेळ. बाईंनी मडक्यातून पेला भरून दिला की तहान भागते. पण पेला पुढे करताना बाई त्याचाच शब्द परत उच्चारतात, की ‘नीळ्ळू म्हण आधी’ असं सांगतात, की नुसतं मडक्याकडे बोट दाखवतात, हे मूल बघून ठेवतं. घरातला शब्द उंबऱ्याबाहेर चालतो की नाही, याचा पहिला निकाल त्याला तिथे मिळतो.

बालशिक्षिका मुलांचा आदर्श असते, हे वाक्य आपण इतक्या सत्कार समारंभांत ऐकलेलं असतं की शाल-श्रीफळाच्या पलीकडे त्याला काही अर्थ असेल असं वाटेनासं होतं. ‘आदर्श’ म्हटलं की भिंतीवरच्या तसबिरी आठवतात, किंवा पुरस्काराच्या यादीत नाव आलेले गुरुजी. संस्कृतात मात्र आदर्श म्हणजे आरसा. आढावा घ्यायचा तर या मूळ अर्थापासून घ्यायला हवा. लहान मूल भिंतीकडे बघत नाही, समोर उकिडव्या बसलेल्या बाईंकडे बघतं. तिथे त्याला स्वतःचं काही दिसतं का, आणि ज्या बाईत ते दिसायचं तिला आपण कसं वागवतो, हे दोन प्रश्न आदिलाबादसारख्या जिल्ह्यात एकमेकांत गुंतलेले आहेत.

मुलं अनुकरण करतात हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही, कुठलीही आजी सांगेल. पण ती किती आणि कशी करतात, यातल्या काही गोष्टी आजीलाही चकित करतील. १९६१ साली अल्बर्ट बंडुरा यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला हातोडीने बडवलं, काहींसमोर मोठं माणूस शांतपणे दुसऱ्या खेळण्यांशी खेळत राहिलं. मग मुलांना वेगळ्या खोलीत नेलं. मारामारी पाहिलेल्या मुलांनी बाहुलीला मारलंच, पण त्या माणसाची लकब उचलून, त्याने तोंडाने काढलेले शब्दही म्हणत. हा प्रयोग बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतो. त्याच्यामागून १९६५ मध्ये आलेला प्रयोग तितका प्रसिद्ध नाही, पण बालवाडीसाठी तोच अधिक मोलाचा. त्यात मारणाऱ्या माणसाला शिक्षा झाल्याचं मुलांना दाखवलं. ती मुलं कमी मारू लागली. पण ‘त्याने काय काय केलं ते करून दाखवलंस तर बक्षीस देईन’ म्हटल्यावर त्यांनीही इतरांइतकंच करून दाखवलं. म्हणजे मूल करत नाही याचा अर्थ ते शिकलं नाही असा होत नाही. शिकून झालेलं असतं, ते फक्त योग्य वेळेची वाट बघत असतं.

आणखी एक प्रयोग २००५ चा, व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांचा. एका पेटीत बक्षीस ठेवलेलं. माणूस पेटीवर काडीने उगाच ठकठक करतो, मग झडप उघडून बक्षीस काढतो. पेटी पारदर्शक केली की वरची ठकठक निरुपयोगी आहे हे स्पष्ट दिसतं. युगांडातल्या चिंपांझींनी ती गाळली आणि थेट झडप उघडली. स्कॉटलंडमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र ठकठक मनोभावे केली. यात चिंपांझी हुशार आणि मुलं बावळट असं काही नाही. मोठं माणूस करतंय म्हणजे त्यात काहीतरी असणार, हा विश्वास घेऊनच माणसाचं पोर जन्माला येतं. आपले सारे रीतिरिवाज, शिष्टाचार, भाषा याच भाबडेपणावर उभ्या आहेत. बाई फळ्यावर जे लिहितात त्याच्याइतकंच, लिहिण्याआधी त्या खडू कसा मोडतात हेही शिकलं जातं.

आणि बाईंना जे दाखवायचं नसतं तेही. सायन बेलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांचा अभ्यास केला. ज्या बाईंना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुलींमध्ये वर्षाअखेरीस ‘गणित मुलांना येतं, मुलींना वाचन’ ही समजूत जास्त दिसली आणि अशा मुलींचे गुणही घसरले. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. कुणीही वर्गात ‘मुलींना गणित जमत नाही’ असं म्हटलेलं नसताना हे झालं. मूल आपल्यासारख्या माणसाकडे अधिक बारकाईने बघतं. ‘आपल्यासारखं’ म्हणजे कोण, हा प्रश्न इथे येतो, आणि आदिलाबादचा इतिहास तोच प्रश्न ऐंशी वर्षं विचारतो आहे.

आजच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, जैनूर मंडलात मार्लवाई नावाचं गोंडांचं गाव आहे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे होईपर्यंत ते आदिलाबादेतच होतं. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचे पुढारी कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा गोंड एवढे का पेटले हे शोधायची पाळी हैदराबाद सरकारवर आली. ऑस्ट्रियातून आलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ तेव्हा महायुद्धामुळे हैदराबादेत अडकले होते. ते आणि त्यांच्या पत्नी बेटी मार्लवाईत येऊन राहिले. जमिनीचे प्रश्न तर त्यांनी मांडलेच. पण १९४३ मध्ये मार्लवाईतच गोंडांसाठी शाळा आणि शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं. बाहेरून मास्तर आणून बसवायचे नाहीत, गोंड तरुणांनाच मास्तर करायचं, ही त्यामागची कल्पना.

मराठी वाचकाने इथे जरा थांबावं असा एक तपशील आहे. त्या शाळांसाठी गोंडी भाषेतली पहिली वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली. कारण सरळ होतं. त्या काळी ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीतून झालेली होती. पैनगंगेच्या या काठाला बाजार मराठीत चालत असे, सावकार आणि पटवारी मराठीत लिहीत. तेव्हा गोंडीला नागरी अक्षरांत बसवलं की शिक्षक होण्याजोगी माणसं लगेच मिळत होती. आदिलाबादेत अधिकारी म्हणून आलेले आणि पुढे मराठीत इतिहासकार म्हणून नावाजलेले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले, गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांवर त्यांनी लिहिलं. ‘जीवनसेतू’ या आत्मचरित्राचा हा लेखक मराठी वाचकाला शिवकालाचा अभ्यासक म्हणून ठाऊक असतो. गोंडांच्या पोरांशी त्यांच्या भाषेत बोलणारा सरकारी माणूस म्हणून तो आपल्याला फारसा माहीत नाही.

मार्लवाईच्या त्या प्रयोगाचं वेगळेपण पुस्तकात किंवा लिपीत शोधू नये. गावातलं पोर पहिल्यांदा आपल्याच मामा-काकासारखा दिसणारा, आपल्याच बोलीत रागावणारा माणूस फळ्यापुढे उभा पाहत होतं. शाळेतला मास्तर म्हणजे तालुक्याहून येणारा, बूट घालणारा, आपल्याला न समजणारं बोलणारा, हे समीकरण त्या पोरासाठी मोडलं होतं. पुढे निजाम गेला, १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा भाषेनुसार आखल्या गेल्या. किनवट आणि राजुरा नांदेडला जोडले गेले, राजुरा पुढे १९५९ मध्ये चांद्याला गेलं, आणि आदिलाबाद आंध्रात गेलं. कार्यालयं तेलुगू झाली, शाळाही. गोंडी पुस्तकं मागे पडली. ज्या भाषेतून मास्तर बोलायचे ती पुन्हा घराच्या आत गेली.

मार्लवाईचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती शाळेबाहेरची आहे. याच गावचे कनक राजू गुसाडी नृत्यासाठी आयुष्यभर ओळखले गेले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले. दिवाळीच्या दिवसांत दंडारीच्या टोळ्या गावोगाव नाचत जातात. मोरपिसांचा घेरदार टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी पुढे, आणि टोळीत लहान पोरंही टिपऱ्या घेऊन. ‘पाय असा टाक’ असं त्यांना कुणी सांगत नाही. पोरगं मोठ्यांच्या मागे राहतं, चुकतं, हसू होतं, पुढच्या गावी थोडं कमी चुकतं. अनुकरणातून शिकण्याची ही पद्धत गोंडांना बंडुराच्या आधीपासून ठाऊक आहे. ज्या मुलाने दिवाळीत दहा गावांत असं शिकून घेतलं, त्याला जानेवारीत सतरंजीवर मांडी घालून ‘अ, आ’ घोकायला लावलं की ते गप्प का होतं, याचं उत्तर बुद्ध्यांकात शोधण्यात अर्थ नाही.

तर मग पहिली शिक्षिका गावातलीच हवी, हे सिद्ध झालं का? इतकं सोपं नाही. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा दाखला नेमका उलटा आहे.

ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. गिजुभाई वकिली सोडून मुलांत रमलेले. गुजरातेत त्यांना लोक ‘मूछाळी मा’, मिशीवाली आई, म्हणत. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण शहरातल्या बालमंदिरांत मध्यमवर्गीयांचीच मुलं येतात, हे ताराबाईंना खुपत राहिलं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. सोबत होत्या अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, शिक्षिका झाल्यावर रात्रशाळेतून पुढे शिकलेल्या. तिथल्या वारली आदिवासींच्या पाड्याशी दोघींचं जातीचं, भाषेचं, जेवणाखाण्याचं काही नातं नव्हतं.

बालवाडी उघडली, पण मुलं येईनात. धाकटं भावंड कडेवर, नाहीतर गुरं राखायला. या अडचणीवर या दोघींनी जे केलं तेच त्यांचं खरं शिक्षणशास्त्र. मूल बालवाडीकडे येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची. तिथून ‘अंगणवाडी’ हा शब्द निघाला. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणणारी विकासवाडी उभी राहिली, म्हणजे कडेवरच्या भावंडाचा प्रश्न मिटला. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, गोटे, पानं. दिवसाचा पहिला पाठ म्हणजे आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं, आणि हे बाई स्वतः करणार. वारल्याच्या पोराचं डोकं परजातीची शिकलेली बाई स्वतःच्या हाताने धुते आहे, हे दृश्य त्या काळात किती बोलकं असेल याची आज कल्पना करणं अवघड आहे. मोठ्या माणसांच्या जगात आपली जागा कुठे आहे याविषयी त्या पोराने जे आजवर बघितलं होतं, त्याच्या नेमकं उलट काही त्याच्याच केसांत चाललेलं होतं.

तेव्हा बाई ‘आपल्यातली’ असणं हा एक मार्ग, आणि परकी असून वाकणं हा दुसरा. वाईट घडतं ते तिसऱ्या मार्गाने. बाई परकी असते आणि वाकतही नाही, किंवा आपल्यातलीच असून ‘वरच्या’ माणसांसारखं बोलायला शिकलेली असते. आदिलाबादेतल्या कोलामांच्या वाड्या लहान, डोंगरात विखुरलेल्या. तिथे शिकलेली कोलाम बाई मिळत नाही म्हणून शेजारच्या गावातली गोंड किंवा लंबाडा बाई नेमली जाते. कागदावर ती आदिवासीच. पण मुलासाठी तिची भाषा तेलुगूइतकीच परकी. ‘स्थानिक महिला’ ही अट इतक्या बारीक पातळीवर तपासली तर कुठे कुठे फोल ठरते.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि त्यांच्या पाड्यावरचा शब्द केंद्र सरकारच्या कागदावर गेला. आज सीमेच्या दोन्ही बाजूंना अंगणवाडी हा शब्द तसाच चालतो, तेलुगूतही. शब्द गेला, त्याबरोबर बाईही गेली, पण तिच्या हातातली कामं बदलत गेली. वजन, उंची, लसीकरणाची आठवण, गरोदर बायकांचं जेवण, पोषण आहाराचा हिशेब, जन्म-मृत्यूच्या नोंदी, निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं. तेलंगणात २०१५ पासून आरोग्यलक्ष्मी योजनेत गरोदर आणि स्तनदा बायका रोज दुपारी अंगणवाडीत बसून जेवतात. योजना चांगली आहे, पण स्वयंपाक त्याच चुलीवर होतो आणि वेळ त्याच बाईंचा जातो. शाळापूर्व शिक्षण यादीत कुठेतरी मधे.

वेळेचा हा हिशेब किती निर्णायक आहे, हे तमिळनाडूतल्या एका प्रयोगाने दाखवलं. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी ३२० अंगणवाड्या घेतल्या, त्यातल्या काहींत फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ एक जादा बाई दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणितातली प्रगती वाढली, आणि जुन्या बाईंना पोषणाकडे बघायला उसंत मिळाल्याने कुपोषणही घटलं. नवी इमारत नाही, नवं ॲप नाही. एक माणूस वाढवला, तोही अर्धवेळ. दिल्लीतल्या आंबेडकर विद्यापीठाच्या आणि ‘असर’च्या संशोधकांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या ग्रामीण मुलांचा चार वर्षांच्या वयापासून आठपर्यंत पाठपुरावा केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालातलं चित्र दोन्हीकडे नाराज करणारं आहे. अंगणवाडीत शिकवणं थोडं, आणि खासगी शाळांत शिकवणं भरपूर पण घोकंपट्टीचं. पाच वर्षांचं मूल शाळेसाठी तयार होत नव्हतं ते दोन्हीकडे. आदिलाबाद शहरात किंवा इचोड्याला गळ्यात टाय बांधून रिक्षात कोंबलेली चार वर्षांची पोरं बघितली की या अहवालाची दुसरी बाजू समजते. टाय बांधलेल्या पोरासमोरही एक बाई उभी असते, आणि तीही आदर्शच असते. तिच्याकडून ते शिकतं की शिकणं म्हणजे ओळीत उभं राहून, न कळणारं, मोठ्याने म्हणणं.

अलीकडे बाईंच्या हातात आणखी एक वस्तू आली आहे, फोन. २०२१ पासून नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आलं. घरी न्यायच्या आहारासाठी २०२५ पासून चेहरा ओळखण्याची पद्धतही आली. आई कॅमेऱ्यासमोर उभी राहते, नेटवर्क जातं, डोळे मिचकवायला सांगतात, पुन्हा नेटवर्क जातं. डोंगरातल्या गावात बाई फोन वर धरून अंगणात रेंज शोधत फिरतात. मुलं हे सगळं टक लावून बघत असतात. बाईंना दोष देण्यात काही हशील नाही, नोंद झाली नाही तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. पण मुलाच्या डोळ्यांनी पाहिलं तर मोठ्या माणसाचं काम म्हणजे फोनकडे बघणं, आणि आपण म्हणजे ज्याचा फोटो काढायचा ते. पोषणाचं ॲप तयार करणाऱ्यांच्या मनात हा धडा खचितच नव्हता.

आता बाईंना आपण काय म्हणतो आणि काय देतो ते पाहू. महाराष्ट्रात त्या ‘सेविका’ आणि हाताखालच्या ‘मदतनीस’. तेलंगणात २०१७ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी मासिक रक्कम ७,००० वरून १०,५०० केली आणि यापुढे यांना अंगणवाडी टीचर म्हणायचं असं जाहीर केलं. मुलं आधीपासूनच ‘टीचर’ म्हणत होती, सरकारने उशिरा त्यांचं ऐकलं. २०२१ मध्ये ही रक्कम १३,६५० झाली. केंद्राने ठरवलेली रक्कम मात्र २०१८ पासून सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० अशीच. या पैशाला पगार म्हणत नाहीत. मराठीत ‘मानधन’, तेलुगूत ‘गौरव वेतनम’. दोन्ही भाषांनी पैशाच्या आधी मान जोडून दिला आहे, कदाचित पैसा कमी पडतो हे ठाऊक असल्याने. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तेलंगणातल्या अंगणवाडी टीचर आणि आयम्मा, म्हणजे तिथल्या मदतनीस, संपावर गेल्या, डिसेंबरमध्ये महाराष्ट्रातल्या गेल्या आणि पन्नासहून अधिक दिवस राहिल्या. मागणी दोन्हीकडे मुळात एकच: आम्हाला कर्मचारी म्हणा. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या पीठाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. त्या ‘मानद’ काम करतात हा युक्तिवाद न्यायालयाने उचलून धरला नाही.

यावर कुणी म्हणेल, पगार हा कामगारांचा प्रश्न, मुलांच्या आदर्शाशी त्याचा काय संबंध? संबंध असा, की मूल बाईंना एकट्या बघत नाही. सरपंच आला की बाई खुर्चीवरून उठतात का, आणि सरपंच ‘बसा बाई’ म्हणतो की खुर्ची स्वतः घेतो, हे ते बघतं. सुपरवायझर मॅडम सगळ्यांसमोर बाईंना रजिस्टरवरून कशा बोलतात, हेही. आणि बाई आयम्माला कशी हाक मारतात, हे त्याहून नीट. आयम्मा म्हणजे खोली झाडणारी, खिचडी करणारी, अंडी उकडणारी, शी-शू धुणारी. तिला ताटात जेवायला मिळतं की पातेल्यात उरलेलं, ती सतरंजीवर बसते की दाराशी. मुलांचा पहिला समाजशास्त्राचा वर्ग तो. देशात अनेक ठिकाणी दलित मदतनिसाने शिजवलेलं अन्न पालकांनी नाकारल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. त्या दिवशी घरून डबा घेऊन आलेलं पोर फार काही न समजता सगळं समजून जातं.

एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालच्या ४९५ गावांत केलेला अभ्यास २०१२ मध्ये आला. जिथे आरक्षणामुळे दोनदा बाई ग्रामपंचायतीची प्रधान झाली, तिथल्या किशोरवयीन मुलींच्या आणि त्यांच्या आईबापांच्या अपेक्षा वाढल्या, मुलामुलींच्या शिक्षणातलं अंतर मिटलं. कारण मोठं नव्हतं, खुर्चीत बाई बसलेली दिसली, इतकंच. अंगणवाडीची बाई ही कित्येक गुड्यांवर मुलांना दिसणारी पहिली पगारी बाई असते. सही करणारी, हिशेब ठेवणारी, बैठकीला एकटी बसने आदिलाबादला जाणारी. मुलींसाठी हे मोठं आहे. मुलग्यांचं काय, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. अंगणवाडीची जागा फक्त स्त्रियांसाठी असते. लहान पोरांना न्हाऊ-खाऊ घालणारा पुरुष पाहायचा तर मिशीवाल्या आईच्या भावनगरातच जावं लागेल, आणि तेही शंभर वर्षं मागे.

भाषेकडे परत. २०२० च्या शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मांडला आणि घरची भाषा आधी असं सांगितलं. २०२२ च्या पायाभूत टप्प्याच्या आराखड्यानेही तेच म्हटलं. सांगायला सोपं, पण ज्या वर्गात पाण्याला चार नावं आहेत तिथे घरची भाषा कुणाची? सीमेवरच्या जिवतीच्या डोंगरात महाराजगुडा, परंदोळी अशी गावं आहेत, ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. लोकांकडे दोन शिधापत्रिका, नावं दोन मतदारयाद्यांत, गावात एक मराठी शाळा, एक तेलुगू. पालक सोय बघून पोरं कुठे घालायची ते ठरवतात. गोंड घरातल्या मुलाला दोन्हीकडे दुसरीच भाषा मिळते. नारनूर मंडलातल्या गुंजाळ्यात गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली, त्या लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागाही मिळाली. अभिमानाची गोष्ट आहे. पण तीन वर्षांच्या मुलाला लिपी नको असते, त्याला ‘येर’ म्हटल्यावर ‘येर’ ऐकू यायला हवं. त्यासाठी युनिकोड लागत नाही, चार भाषांतले पन्नास-साठ शब्द येणारी बाई लागते. सीमेवरच्या बेला-जैनद भागातल्या बायकांना दोन-तीन भाषा जात्याच येतात, बाजारात त्या रोज वापरतात. बाजारात हे कौशल्य मानलं जातं. प्रशिक्षणाच्या वर्गात मात्र त्याला गुण नाहीत.

कापसाच्या वेचणीचे दिवस, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, या अंगणवाड्यांसाठी अवघड असतात. पोरांच्या आया पहाटे शेतात, थंडी कडाक्याची, पोरंही त्यांच्याबरोबर जातात. हजेरीपट रिकामा दिसतो आणि वरून विचारणा होते. पोर शेतात बोंडं वेचायला शिकतं तेही बघूनच. ज्या बाई संध्याकाळी उठून चार घरी जातात, ‘उद्या पाठवा, मी न्यायला येते’ म्हणतात, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी पाच-सहा तरी मुलं येतात. कोसबाडची रीत ती हीच, अंगणात जाण्याची. त्या फेरीला ट्रॅकरमध्ये रकाना नाही.

अशाच एखाद्या गुड्यावर संध्याकाळी पोरं बाई-बाई खेळतात. चार वर्षांची मुलगी बाई होते, दोन धाकटे आणि एक शेरडू विद्यार्थी. ती खापरीचा तुकडा डोळ्यांपुढे धरून आधी सगळ्यांचा फोटो काढते. शेरडू हललं म्हणून पुन्हा काढते. मग धाकट्याचा दंड चिमटीत धरून मोजते, मान हलवते, मातीत काडीने काहीतरी लिहिते. ‘कूर्चो, कूर्चो’ असं तेलुगूत दरडावून सगळ्यांना खाली बसवते. एक पांढरा गोटा घेऊन अंड्यासारखा सोलण्याचं नाटक करते. धाकटा गोटा खऱ्याच तोंडात घालायला जातो, तेव्हा ती तो हिसकून घेते, करवंटी त्याच्या ओठांना लावते आणि हळूच म्हणते, ‘येर’.